सिराफ पद्धतीचं फ्लोटेशन पिंप: काळ्या मातीत कितपत चालतं?

पांढरीचं, म्हणजे जुन्या गाववस्तीचं, टेकाड खणताना खापरं आपोआप हाताला लागतात, हाडंही लागतात. जळका मसूर लागत नाही. तो कुदळीखाली चुरतो, घमेल्यातून मातीच्या ढिगावर जातो आणि अहवालात ‘धान्याचे अवशेष मिळाले नाहीत’ एवढं वाक्य छापून येतं. त्या वाक्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताटाविषयी काही कळत नाही. खणणाऱ्यांकडे कोणती चाळणी होती, तेवढं कळतं.

हा दाणा पकडण्यासाठी जे साधन वापरतात, त्या फ्लोटेशन पिंपाचं, म्हणजे माती पाण्यात कालवून जळके दाणे तरंगवून वेगळे करणाऱ्या पिंपाचं, हे परीक्षण. हे कुणा एका कंपनीचं उत्पादन नाही. आराखडा जगभर खुला आहे आणि तालुक्याच्या गावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला दोन-तीन दिवसांत ते बनवून देतो. म्हणून इथे गुणदोष आहेत ते या नमुन्याचे, आणि बनवून घेताना हमखास होणाऱ्या चुकांचे.

नाव सिराफ कसं पडलं? इराणी आखाताच्या किनाऱ्यावर सिराफ नावाचं मध्ययुगीन बंदर होतं. तिथल्या उत्खननात वापरलेल्या यंत्राचं वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि तेच नाव चिकटलं. गंमत म्हणजे हे यंत्र आज बहुतेक करून नवाश्मयुगाच्या आणि ताम्रपाषाणयुगाच्या मातीवर चालतं. त्याआधी अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी टबात आणि नदीच्या पाण्यात माती कालवून हेच केलं होतं. त्यांचा लेख १९६८चा. वेळही जुळून आलेली होती. खापरांच्या आकारांची नुसती क्रमवारी लावून भागणार नाही, माणसं जगत कशी होती हे तपासता येईल अशा प्रश्नांत मांडा, असं लुईस बिनफर्ड आणि त्यांच्यासारखे अभ्यासक त्याच दशकात म्हणू लागले होते. प्रश्न बदलले, तशी चाळणीही बदलावी लागली.

तत्त्व अगदी सोपं आहे. जळून कोळसा झालेला दाणा पाण्यापेक्षा हलका होतो. माती पाण्यात सोडली की तो वर येतो, चिखल खाली बसतो, आणि दगड, हाडं, मणी मधल्या जाळीवर अडकतात.

आता भाग. बाहेरचं पिंप २०० लिटरचं. त्यात वरच्या कडेला अडकवलेली १ मिलिमीटरची नायलॉन जाळी, झोळीसारखी. जाळीच्या खाली, पिंपाच्या मध्यावर, पाणी आणणारा पाइप आणि त्याला शॉवरसारखी झारी. कडेला एक पन्हाळ, जिच्यातून वरचं पाणी बाहेर सांडतं. पन्हाळीखाली बारीक चाळणी, ३०० किंवा २५० मायक्रॉनची. तळाशी गाळ काढायचा व्हॉल्व्ह. आणि अर्ध्या एचपीचा पंप. यात न समजण्यासारखं काही नाही. बिघडतं ते मापांत.

पहिली चूक पिंपाच्या निवडीत होते. लोखंडी पिंप स्वस्तात मिळतं, पण त्यात आधी तेल किंवा केमिकल भरलेलं असतं. धुतलं तरी पाण्यावर तवंग येतो, तो कोळशाला लागतो, आणि तोच कोळसा पुढे कार्बन-१४ तपासणीला, म्हणजे वय ठरवायला, जाणार असेल तर केलेल्या कामावर पाणी. शिवाय एका पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज धरतो आणि त्याचे पापुद्रे नमुन्यात येऊन पडतात. खाद्यपदार्थांसाठी वापरतात ते जाड निळं प्लास्टिकचं पिंप घ्यावं. त्यात पन्हाळ वेल्ड करता येत नाही, बोल्टनं बसवावी लागते. आतून-बाहेरून रबरी वॉशर आणि सिलिकॉन लावलं नाही तर तिथून पाणी झिरपतं आणि चाळणीला चुकवून दाणे जमिनीवर जातात. पन्हाळ किमान वीतभर रुंद हवी. अरुंद पन्हाळीत मुळ्या आणि काड्या अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि पिंपाच्या उरलेल्या कडेवरून चारी बाजूंनी सांडतं.

दुसरी चूक झारीत. कारागीर सवयीनं भोकं वरच्या बाजूला पाडतो. पंप बंद झाला की जाळीतून उतरलेला गाळ थेट त्या भोकांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धी झारी मुकी असते. भोकं खाली किंवा आडवी पाडायला सांगावं. पाणी तळाला आपटून वर उसळतं, तेवढा जोर पुरतो. जोर जास्त झाला तर नुकसानच आहे, कारण जळक्या गव्हाच्या दाण्यात फारसा दम नसतो. मिनिटाला ३०-४० लिटर पाणी भरपूर झालं. पाइपवर एक कॉक असलाच पाहिजे. पंपाचा पूर्ण झोत सोडून देणं म्हणजे दाणे भरडायला घेणं.

तिसरी गोष्ट तळाचा व्हॉल्व्ह. इथे काटकसर नको. एक इंची व्हॉल्व्ह काळ्या मातीत दुसऱ्याच नमुन्याला तुंबतो. दोन इंची बॉल व्हॉल्व्ह घ्यावा, आणि पिंप विटांवर एवढं उंच ठेवावं की खाली घमेलं सरकेल.

जाळीविषयी थोडं जास्त सांगायला हवं. मच्छरदाणीचं कापड वापरण्याचा मोह होतो. त्याची भोकं १ मिलिमीटरपेक्षा मोठी असतात आणि वजन पडलं की ताणून आणखी मोठी होतात. औद्योगिक नायलॉन जाळी मोजून घ्यावी आणि खाली लोखंडी सळ्यांचा आधार द्यावा. आधार नसेल तर वीस किलो ओला मुरूम तिचं पोट खाली ओढतो आणि झारीचं टोक तिला फाडतं. कडेला जाळी पिंपाबाहेर दुमडून चिमट्यांनी गच्च बसवावी. पन्हाळीखालच्या बारीक चाळणीसाठी प्रयोगशाळेच्या पितळी चाळण्या उत्तम. दुकानात त्या ब्रिटिश नंबरानं मिळतात: ५२ नंबर म्हणजे ३०० मायक्रॉन, ६० नंबर म्हणजे २५०. परवडत नसेल तर त्याच मापाचं जाळीचं कापड लाकडी चौकटीवर ताणून लावलं तरी चालतं. मलमल चालते, पण तिची वीण सारखी नसते आणि ती चटकन तुंबते. मैद्याच्या चाळणीवर काम भागवू नये; तिच्या जाळीचं माप कुणी सांगू शकत नाही, आणि माप माहीत नसलेल्या चाळणीतून आलेले आकडे दुसऱ्या कुठल्याही गावाच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

आता खरा प्रश्न, मातीचा. गावची पांढरी आणि शेतातली काळी यांचा स्वभाव वेगळा हे इथे कुणाला सांगायला नको. पांढरी राखट, भुसभुशीत. पिंपात पडताच विरघळते आणि यंत्र अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चालतं. राखेचे खड्डे, चुलीभोवतीची माती, कचऱ्याचे खड्डे यांच्यासाठी पिंपाला पैकीच्या पैकी. पण घराची चोपलेली जमीन, भिंतींचा पडलेला गारा, टेकाडाच्या तळाचा थर ही सगळी काळी चिकण माती. ती पाण्यात पडली की फुगते आणि तिची ढेकळं बाहेरून गुळगुळीत, आतून कोरडी अशी जाळीवर लोळत राहतात. घाईत असलेला माणूस ती हातानं चुरतो आणि आतला दाणाही चुरडतो.

यावर उपाय आहे, त्याची किंमतही आहे. माती आधी सावलीत पूर्ण वाळवायची. अर्धवट ओलं ढेकूळ सर्वांत वाईट. खडखडीत वाळलेलं पाण्यात टाकलं की आपण होऊन फुटतं. मग बादलीत भिजत घालायची: दहा लिटर मातीला मूठभर खायचा सोडा, वर चार बोटं पाणी. सोड्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतं. अट्टल काळ्या मातीला रात्रभर लागतं, पांढरीला तासभरही नको. किंमत अशी की जास्त वेळ भिजलेला कोळसा पाणी पिऊन जड होतो आणि तरंगायच्या ऐवजी बुडतो. आणि वाळलेला कोळसा एकदम पाण्यात पडला की तडकतो. म्हणजे चिकणमाती सुटावी म्हणून जे करायचं तेच दाण्याला थोडंफार मारक. यातून सुटका नाही. प्रत्येक थराच्या पहिल्या दोन नमुन्यांवर वेळ ठरवावी आणि पुढे त्या थरासाठी ती बदलू नये. कार्बन-१४ची भीती सोड्यापुरती बाळगायला नको, प्रयोगशाळेतल्या आम्लाच्या धुण्यात तो निघून जातो. रॉकेल मात्र पिंपाच्या आसपासही नको.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा. नमुना २० लिटर, मोजपट्टी रंगवलेल्या बादलीनं मोजून. वजन नको, आकारमान हवं, आणि तेही भिजवण्याआधीचं. गोणी नवी हवी. ज्या गोणीत कधी ज्वारी किंवा गहू होता, ती गोणी पुरातत्त्वाच्या कामाला बाद. पिंप पन्हाळीच्या दोन बोटं खालपर्यंत भरायचं, जाळीखालचं पाणी चालू ठेवायचं आणि माती तांब्या-तांब्यानं सोडायची. एकदम बादली ओतली तर माती सरळ खाली बसते आणि तिच्याखाली दाणे गाडले जातात. हात पाण्याखाली घालून सावकाश ढवळायचं, ताक घुसळल्यासारखं नाही, पिठलं हलवल्यासारखं. काळं तरंगणं थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं. मग चाळणीतला ऐवज फडक्यात बांधून सावलीत दोरीवर टांगायचा. उन्हात वाळवला की दाण्यांना चिरा जातात आणि कोंबाकडचा भाग, जो ओळखीसाठी लागतो, तोच आधी गळून पडतो. चिठ्ठ्या दोन: एक पुरचुंडीच्या आत, एक बाहेर बांधलेली, प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीनं. बॉलपेनची शाई ओल्या पुरचुंडीत पसरते आणि मग कोणत्या खड्ड्यातला नमुना ते सांगायला कुणी उरत नाही.

यंत्र किती दाणे गिळतं हे तपासायची एक नामी युक्ती आहे, आणि तिचं साहित्य किराणा दुकानात मिळतं. खसखस. ती जाळून काळी करायची, पण राख होऊ द्यायची नाही. डबीत वाळू घालून तिच्यात पुरायची, झाकण लावून मंद आचेवर ठेवायची. दाणा फोडला तर आतूनही काळा दिसला पाहिजे. शंभर दाणे मोजून नमुन्याच्या मातीत मिसळायचे आणि चाळणीत किती परत आले ते मोजायचं. ऐंशीच्या वर आले तर काम चांगलं चाललंय. चाळीस आले तर तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे: झोत कमी, माती नीट न सुटलेली किंवा पन्हाळ गळकी. पुढच्या नमुन्यात दोन-चार खसखशी दिसल्या तर जाळी नीट धुतली जात नाहीये, म्हणजे एका खड्ड्याचा दाणा दुसऱ्या खड्ड्याच्या नावावर लागतोय. ही चाचणी दर आठवड्याला करावी आणि आकडा अहवालात छापावा. फार थोडे जण छापतात.

पाणी हा या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष. मिनिटाला ३५ लिटर आणि पंधरा मिनिटं धरली तर एका नमुन्याला ५०० लिटरच्या पुढे जातं. दिवसाला आठ नमुने म्हणजे ४००० लिटरहून जास्त. उत्खननाचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि शिरूरसारख्या तालुक्यात मार्चनंतर एवढं पाणी मातीत ओततो म्हटलं तर गाव कौतुक करणार नाही. म्हणून पाणी फिरवून वापरायची सोय यंत्रासोबतच करून घ्यावी. सांडलेलं पाणी पहिल्या पिंपात, तिथून वरचं दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि पंप तिसऱ्यातून खेचतो. यात धोका असा की चाळणीतून निसटलेलं बारीक बी पंपाबरोबर पुन्हा पुढच्या नमुन्यात येतं. तिसऱ्या पिंपाच्या तोंडावर २५० मायक्रॉनचं कापड बांधायचं, रोज संध्याकाळी सगळं पाणी बदलायचं. काळ्या मातीचं गढूळ पाणी रात्रभरातही निवळत नाही. ते फार दाट झालं की त्याचीच घनता वाढते, चिखल चाळणीत साचतो आणि पंपाची तक्रार सुरू होते.

आता जाळीवर उरलेल्या जड ऐवजाबद्दल. नवशिके तो फेकून देतात, आणि यंत्राची अर्धी कमाई तिथेच जाते. दख्खनच्या मातीत चुनखडी भरपूर. तिचा लेप बसलेला दाणा तरंगत नाही, खाली राहतो. काही डाळींच्या पाकळ्या आणि फळांच्या कठीण कवचाचे तुकडेही बुडतात. त्याशिवाय माशांचे काटे, उंदरा-सशांची हाडं, गारगोटीच्या हत्यारांच्या कपच्या, मोहरीएवढे स्टिएटाइटचे (एका मऊ दगडाचे) मणी, सगळं तिथेच. वाळवून ४, २ आणि १ मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढायचं. ४ वरचं सगळं निवडायचं, २ वरचंही, आणि १ वरचं वेळ नसेल तर चौथा हिस्सा, पण तसं लिहून.

एवढा खटाटोप कशासाठी, हे इनामगावकडे पाहिलं की कळतं. घोड नदीच्या काठचं हे गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खणलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचं काम. माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे आणि उत्तर (नंतरचा) जोर्वे असे तीन कालखंड, इसवी सनपूर्व १६०० ते ७०० पर्यंत. पाच खोल्यांचं घर आणि त्याच्याशेजारी धान्याचं कोठार मिळालं, त्यावरून मुखियाची सत्ता आणि धान्याचं वाटप यांचा सिद्धांत आला. इसवी सनपूर्व १०००च्या सुमाराला पाऊस घटला, शेती आटली, लोक शेळ्या-मेंढ्यांकडे वळले आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, अशी मांडणी झाली. तिथल्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास काजळे यांनी केला. जव हे मुख्य पीक, सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा.

ही मांडणी मोठी आहे आणि ती तपासण्याजोगी आहे, हेच तिचं बळ. पण तपासायची तर दर लिटर मातीमागे किती दाणे, हे थरागणिक हवं. समजा पूर्व जोर्वेच्या २० लिटरमध्ये जवाचे ६० दाणे आले आणि उत्तर जोर्वेच्या ४० लिटरमध्ये ८०. नुसते आकडे पाहिले तर शेती वाढली. लिटरमागे पाहिलं तर तीनावरून दोनावर आली. लिटर न मोजलेला नमुना कितीही सुंदर असो, या वादात त्याला साक्ष देता येत नाही. हाडांचंही तेच. ग्रीसमधल्या सिताग्रोई इथे सेबास्टियन पेन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की हातानं वेचलेल्या हाडांत गाईगुरांचा वाटा फुगतो आणि शेळ्या-मेंढ्यांची हाडं मातीबरोबर निघून जातात. म्हणजे एक थर हातानं वेचला आणि दुसरा चाळला, तर गुरं घटून शेळ्या वाढल्याचं चित्र नुसत्या चाळणीतूनही तयार होऊ शकतं.

चाळणीच्या बारीकपणाचा परिणाम याहून खोल जातो. तुर्कस्तानात गॉर्डन हिलमन आणि ग्रीसच्या आमोर्गोस बेटावर ग्लिनिस जोन्स यांनी खळ्यावर बसून पाहिलं की मळणीच्या प्रत्येक पायरीला कोणतं तण गळतं. आपल्याकडे ज्यानं खळं पाहिलंय त्याला हे पटकन कळेल. उफणताना हलकं बी वाऱ्यावर जातं. चाळताना बारीक बी खाली पडतं. धान्याएवढं मोठं बी शेवटपर्यंत सोबत येतं आणि ते निवडायला सूप घेऊन बसावं लागतं. म्हणून घरातल्या चुलीच्या राखेत बारीक तणबी भरपूर असेल तर धान्य अर्धवट साफ करून साठवलं आणि बाकीचं काम रोज घरातल्या घरात झालं. फक्त मोठं तणबी असेल तर मळणी-चाळणी आधीच, बहुधा अनेक हात एकत्र येऊन, उरकलेली. यावरून एकत्र राबणारं गाव की एकेकटी राबणारी कुटुंबं, इथपर्यंत तर्क जातो. आता हाच नमुना १ मिलिमीटरच्या चाळणीनं घेतला तर? बारीक तणबी सगळं निसटेल, प्रत्येक घर स्वच्छ धान्य साठवणारं दिसेल आणि अख्ख्या गावाची सामूहिक श्रमव्यवस्था आपण चाळणीच्या भोकातून जन्माला घालू. ५२ नंबरच्या चाळणीचा आग्रह धरायचा तो एवढ्यासाठी. दक्षिणेच्या नवाश्मयुगीन वस्त्यांत कुळीथ आणि मुगासोबत राळ्याच्या कुळातली बारीक भरडधान्यं पुढे आली ती फ्लोटेशनमुळेच. आणि आधी नाचणी म्हणून नोंदलेल्या काही दाण्यांबद्दल शंकाही त्यानंतर उठल्या.

एक सावधगिरीची सूचना पिंपावर लिहून ठेवावी अशी. चुलीत गोवऱ्या जाळल्या तर गाईनं खाल्लेलं बीही जळून टिकतं. म्हणजे राखेतलं सगळं तणबी खळ्यावरून आलं असं धरून चालता येत नाही. आणि जे जळत नाही ते मिळत नाही: भाजीपाला, कंद, ताक. पिंप काही अख्खा स्वयंपाक दाखवत नाही, चुलीत सांडलेलं तेवढं दाखवतं.

काळ्या मातीत आणखी एक फसगत. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि आजचं बी थेट तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात उतरतं. मुंग्या आणि उंदीरही त्यांच्या परीनं हातभार लावतात. उघड्या टेकाडावर न जळलेलं बी सापडलं तर ते आजचंच समजावं. हरळीच्या मुळ्या आणि लहान गोगलगायी किती निघाल्या तेही नोंदवावं. त्यावरून थर किती ढवळला गेलाय याचा अंदाज येतो. तारखेसाठी नमुना पाठवायचा तर लाकडी कोळशापेक्षा एक ओळखलेला जवाचा दाणा बरा. प्रवेगक यंत्रावरच्या (एएमएस) कार्बन-१४ मापनाला तेवढा पुरतो, आणि तो एकाच हंगामात वाढलेला असतो. वाशाचा कोळसा झाड तोडण्याआधीची पन्नास-शंभर वर्षं सोबत घेऊन येतो.

मग पिंप घ्यावं की नुसती बादली? बादलीची रीत जुनी आणि बिनखर्ची. पाच लिटर माती, दहा लिटर पाणी, हातानं गोल फिरवायचं, दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि वरचं पाणी ३०० मायक्रॉनवर ओतायचं. काळं येणं थांबेपर्यंत पाच-सहा वेळा. दाण्यांना धक्का कमी, पाणी पिंपाच्या निम्म्यानं. नदीकाठचा कापलेला उभा थर साफ करून पंधरा-वीस नमुने घ्यायचे असतील, किंवा सगळी मातीच काळी असेल, तर बादलीच सरस. तिचा तोटा असा की जड ऐवज वेगळा धुवावा लागतो आणि माणसाचा हात दुपारनंतर थकतो. सकाळचे आणि संध्याकाळचे नमुने सारखे उतरत नाहीत. शंभराच्या वर नमुने, पांढरी माती आणि जवळ विहीर असेल तर पिंपाला तोड नाही. ते खणतीच्या शेजारीच ठेवावं. तुर्कस्तानात चातालहोयूकला १९९३पासून इयान हॉडर यांच्या पथकानं अशी घडी बसवली की निवडक नमुन्यांचे पहिले निष्कर्ष खणणाऱ्याकडे लगेच पोहोचत, आणि पुढचा खुरपा कुठे चालवायचा ते ठरवायला मदत होई. हंगाम संपल्यावर पोती भरून शहरात नेली तर हा फायदा बुडाला.

नमुना कुठून घ्यायचा, हे यंत्र शिकवत नाही. ‘काळं दिसतंय तिथून’ ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट पद्धत. प्रत्येक थर, प्रत्येक बळद, कणगीचा गोल ओटा, चूल, घराची जमीन, अगदी रिकामी वाटणारी अंगणाची मातीसुद्धा, सगळीकडून २० लिटर. खड्डा लहान असेल तर त्याची सगळी माती. रिकामा नमुना हाही निकाल असतो, पण तो घेतलेला असेल तरच.

कारागिराला कागदावर लिहून द्यायच्या गोष्टी अशा: निळं प्लास्टिकचं पिंप, वीतभर रुंद पन्हाळ, खाली पाहणारी झारी, पाण्याच्या पाइपला कॉक, दोन इंची बॉल व्हॉल्व्ह, जाळीखाली सळ्यांची चौकट, आणि जाळ्या दोन, म्हणजे एक वाळत असताना दुसरी कामाला येते. रंग आतून लावू देऊ नका. तो म्हणेल टिकेल, तो सोलून नमुन्यात येतो. हंगाम संपला की झारी खोलून वाळवावी, व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि जाळ्या पत्र्याच्या पेटीत बंद कराव्यात. नायलॉन उंदीर कुरतडतात, आणि भोक पडलंय हे पुढच्या वर्षी पहिल्या खसखशीच्या चाचणीतच कळतं.